टोळीतला माणूस : चांदा जिल्हा आणि एकोणिसाव्या शतकातील सामान्य सैनिकाच्या चरित्राचा प्रश्न

प्रस्तावना

दि. २९ एप्रिल १८५८ रोजी प्राणहितेच्या काठी, अहेरी जमीनदारीतील चिंचगोंडी येथे तारखात्याच्या छावणीवर हल्ला झाला. या हल्ल्यात गार्टलँड व हॉल हे दोन युरोपीय कर्मचारी मारले गेले. त्यांचा सहकारी पीटर निसटला आणि त्याने घडलेला प्रकार चांद्याचा डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रिक्टन याच्या कानी घातला. हल्ल्याचे नेतृत्व मोलमपल्लीचे बाबुराव शेडमाके आणि अडपल्ली-घोटचे जमीनदार व्यंकटराव यांच्याकडे होते. अशा रीतीने मरणारे दोघे, वाचणारा एक, हल्ल्याचे दोन नायक आणि ज्याला खबर मिळाली तो अधिकारी अशी सहा माणसे या घटनेत नावानिशी उभी राहतात. मात्र ज्यांच्या हातून प्रत्यक्ष हल्ला झाला ते सैनिक इतिहासलेखनात ‘टोळी’ या एका शब्दात सामावलेले आहेत.

एकोणिसाव्या शतकातील सामान्य सैनिकाचे जीवन अभ्यासू पाहणाऱ्याला चांदा जिल्ह्यात, म्हणजे १९८२ च्या विभाजनानंतरच्या चंद्रपूर व गडचिरोली या दोन जिल्ह्यांत, ज्या प्रश्नाला तोंड द्यावे लागते त्याचे स्वरूप या एका प्रसंगातून ध्यानात येते. प्रश्न केवळ साधनांच्या तुटपुंजेपणाचा नाही. साधने कोणी, कोणासाठी आणि कोणत्या हेतूने निर्माण केली, तसेच स्वातंत्र्योत्तर काळातील आपल्या लेखनाने त्या साधनांचा साचा मोडला की केवळ त्यातील खलनायकाला नायक केले, हा खरा प्रश्न आहे. प्रस्तुत लेखात काही प्रमुख साधनग्रंथांचा या दृष्टीने परामर्श घेतला आहे.

‘शिपाई’ या शब्दाचाही येथे जाता जाता विचार करावा लागेल. फार्सीतून आलेला हा शब्द एकोणिसाव्या शतकात रणांगणावरील माणसाचा होता. आज मराठीत तो पोलीस दलातील शेवटच्या पायरीचा आणि कार्यालयात फायली पोहोचविणाऱ्या कर्मचाऱ्याचा झाला आहे. शब्दाची ही उतरण त्या माणसाच्या सामाजिक स्थानाविषयी पुष्कळ काही सांगून जाते.

१८१८ चा वेढा : ज्याला पदकपट्टी मिळाली नाही

चांद्याच्या संदर्भातील पहिले मोठे प्रकरण १८१८ चे आहे. एप्रिल महिन्यात पांढरकवड्याजवळ दुसऱ्या बाजीरावाच्या सैन्याची दाणादाण उडविल्यानंतर कर्नल ॲडम्सने आपला मोर्चा चांद्याकडे वळविला. नागपूरच्या आप्पासाहेब भोसल्यांच्या बाजूने किल्लेदार गंगासिंग याने शहर लढविले. मे महिन्याच्या ऐन उन्हाळ्यात वेढा पडला, तटाला खिंडार पाडण्यात आले आणि २० मे रोजी इंग्रजी फौज आत शिरली. किल्लेदारासह गढीतील सुमारे पाचशे माणसे कामी आली, तर इंग्रजांकडील हानी त्या मानाने फारच थोडी होती.

या पाचशेंत कोण होते? भोसल्यांच्या चाकरीत मराठी शिबंदी होती, तसेच अरब व उत्तर हिंदुस्थानी भाडोत्री शिपाईही होते. त्यांचा व्यवहार जमादारामार्फत चाले. पगार जमादाराच्या हाती, हजेरी जमादाराच्या तोंडी आणि निष्ठाही बहुतांशी जमादाराशीच बांधलेली. अशा व्यवस्थेत सरकारी दप्तरात नाव येते ते जमादाराचे. त्याच्या हाताखालचा माणूस आकड्याच्या रूपाने येतो, आणि तो आकडाही पगार उकळण्यासाठी फुगविलेला असण्याची शक्यता नेहमीच असते. भोसलेकालीन शिबंदीच्या याद्या वाचताना हे पथ्य पाळले नाही, तर जी माणसे कधी अस्तित्वातच नव्हती त्यांचे चरित्र लिहिण्याची वेळ संशोधकावर येईल.

दुसऱ्या बाजूचे चित्र अधिक बोलके आहे. ॲडम्सच्या फौजेत बंगाल व मद्रास या दोन्ही इलाख्यांच्या देशी पलटणी होत्या. कंपनी सरकारने १८५१ मध्ये जुन्या मोहिमांतील हयात सैनिकांसाठी ‘आर्मी ऑफ इंडिया’ पदक मंजूर केले. या पदकाच्या कडेवर ते घेणाऱ्याचे नाव कोरले जाई. म्हणून सामान्य सैनिकाच्या शोधात हे एक अत्यंत मोलाचे साधन ठरते. परंतु पदक मिळण्यासाठी ठराविक लढायांपैकी एकीत भाग घेतलेला असणे आवश्यक होते. त्या यादीत सीताबर्डी आहे, नागपूर आहे, खडकी, पुणे, महिदपूर, कोरेगाव आहेत. चांदा नाही. ज्याने केवळ चांद्याच्या खिंडारात जीव धोक्यात घातला त्याच्या नावाची पट्टी निघालीच नाही. आणि ज्यांना हक्क होता त्यांनीही तेहतीस वर्षे जगून तो मागायचा होता. राज्यकर्त्यांनी कोणती लढाई स्मरणीय ठरविली यावर त्या लढाईतील माणसाचे नाव टिकणे अवलंबून राहिले.

कोरेगावच्या स्तंभाशी तुलना केली म्हणजे हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. तेथे १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्या सैनिकांची नावे दगडावर आली. त्यांतील बावीस नावांच्या अखेरीस ‘नाक’ हा प्रत्यय आहे. या एका प्रत्ययामुळे त्या माणसांची जात, नामकरणाची रीत आणि पुढे त्यांच्या वारसांनी त्या दगडाशी जोडलेले नाते यांचा इतिहास लिहिणे शक्य झाले. कोरेगाव व चांदा यांत अवघ्या पाच महिन्यांचे अंतर आहे. परंतु एका ठिकाणी नाव दगडावर चढले आणि दुसऱ्या ठिकाणी मातीत गेले.

१८५८ : गॅझेटियरमधील कथन आणि त्याचा वारसा

१८५८ च्या उठावाविषयी जे काही आज लिहिले-बोलले जाते त्याचा मोठा भाग प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष रीतीने १९०९ च्या चांदा जिल्हा गॅझेटियरवर आणि त्यापूर्वीच्या मेजर लुसी स्मिथ याच्या १८६९ च्या जमाबंदी अहवालावर उभा आहे. दोन्ही ग्रंथ महसूल प्रशासनाच्या गरजेतून निर्माण झाले. गॅझेटियरमधील कथन थोडक्यात असे : मार्च १८५८ मध्ये बाबुरावाने रोहिले व गोंड जमवून राजगड परगण्यात धुमाकूळ घातला, व्यंकटराव त्यास मिळाला, क्रिक्टनने चांद्याहून फौज पाठविली, नांदगाव-घोसरी येथे मार्चमध्ये आणि सगणापूर व बामणपेठ येथे एप्रिलमध्ये चकमकी झाल्या, त्यानंतर चिंचगोंडी, पुढे अहेरीची जमीनदारीण लक्ष्मीबाई हिच्या माणसांनी बाबुरावास पकडून दिले आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांदा येथे त्यास फाशी झाली. व्यंकटराव बस्तरात निसटला. तो १८६० मध्ये हाती लागला व त्यास जन्मठेप झाली.

या कथनातील क्रियापदांकडे लक्ष दिले पाहिजे. ‘जमविले’, ‘पाठविली’, ‘पकडून दिले’ या सर्व क्रियांचे कर्ते नेते आहेत. सैनिक सर्वत्र कर्मस्थानी आहे. तो जमविला जातो, पाठविला जातो, पांगविला जातो. स्वतः होऊन तो काहीच करीत नाही. प्रशासकाच्या दृष्टीने हे स्वाभाविकच होते. त्याला पुढच्या वेळी कोणत्या जमीनदारावर नजर ठेवायची एवढेच जाणायचे होते. लक्ष्मीबाईला जप्त गावांच्या रूपाने मोबदला मिळाला, त्याची नोंद तपशिलाने ठेवण्याचे कारणही हेच. ती नोंद मालकीहक्काची आहे, शौर्याची वा विश्वासघाताची नव्हे.

स्वातंत्र्योत्तर काळात बाबुराव शेडमाके यांना हुतात्म्याचे स्थान मिळाले ते सर्वथा न्याय्य आहे. चंद्रपूरच्या कारागृहालगतचा पिंपळ, फास तुटल्याची आख्यायिका, ‘जंगोम सेने’ची परंपरा आणि तिच्या पाचशे तरुणांचा आकडा या गोष्टी आज जिल्ह्यातील जनमानसाचा भाग आहेत. परंतु समीक्षकाच्या दृष्टीने पाहता, या गौरवपर लेखनाने गॅझेटियरच्या वाक्यरचनेला हात लावलेला नाही. बंडखोराचा क्रांतिवीर झाला, लुटीचा उठाव झाला, क्रिक्टनचा कर्तबगार अधिकारी पुसून जुलमी अधिकारी आला. पण सैनिक कर्मस्थानीच राहिला. पूर्वी तो ‘टोळी’ होता, आता ‘सेना’ झाला. पाचशे हा आकडा गौरवाचा असला तरी आकड्याला घर नसते, गोत्र नसते आणि पेरणीची चिंताही नसते.

पेरणीचा उल्लेख येथे मुद्दाम केला आहे. चकमकींच्या तारखा पंचांगाशेजारी ठेवून पाहिल्या तर त्या मार्च ते मे या काळात येतात. हा मोहफुले वेचण्याचा हंगाम. शेतात काम नसते, नद्या उतारू होतात, रानातली पाने गळून वाटा मोकळ्या होतात. मृग लागला की माणसाला शेतावर परतणे भाग असते. पावसाळ्यात प्राणहिता, इंद्रावती व पर्लकोटा यांच्या पुरामुळे या मुलखात फौज चालविणे दोन्ही पक्षांना अवघड. या उठावातील मोठ्या चकमकी पावसाळ्यापूर्वी आटोपतात आणि बाबुराव प्रत्यक्ष हाती लागतो तो सप्टेंबरात, यामागे केवळ क्रिक्टनची कारवाई पाहणे पुरेसे नाही. बाबुरावाच्या गोटातील गोंड हा बारमाही सैनिक नव्हता. मोह आणि मृग यांच्या मधल्या दिवसांत तो सैनिक होता, असे अनुमान यावरून निश्चितच काढता येते. रोहिल्याचे तसे नव्हते. त्याचा पोटापाण्याचा धंदाच तलवारीचा. निजामाच्या मुलखातून प्राणहिता ओलांडून तो येई, तशीच ओलांडून जाई. एकाच ‘टोळी’त असलेल्या या दोन माणसांची चरित्रे एका शब्दाखाली दडपणे हा गॅझेटियरचा दोष होता. तो आजच्या लेखकांनीही चालू ठेवावा याला कारण नाही.

याहून अवघड गोष्ट पुढेच आहे. ज्यांनी बाबुरावास पकडले ती अहेरीची माणसे कोण होती? जमीनदारीच्या शिबंदीतील शिपाई त्याच रानातले, त्याच बोलीचे आणि बऱ्याच अंशी त्याच समाजाचे असणार. क्रिक्टनच्या तुकड्यांतही बहुसंख्य देशीच होते. चकमकीत समोरासमोर उभे राहिलेले दोघेजण एकाच आठवडी बाजारात मीठ घेणारे असू शकत होते. गौरवग्रंथांना ही माणसे नकोशी वाटतात. त्यांना लक्ष्मीबाई पुरते. सारा दोष एका बाईच्या माथी मारला की शिबंदीतल्या शिपायाचा विचार करावा लागत नाही. परंतु सामान्य सैनिकाचा इतिहास लिहायचा तर तो दोन्ही पक्षांच्या सैनिकांचा लिहावा लागेल. धन्याचे मीठ, जमीनदाराचा धाक, महिन्याचे रुपये आणि नात्यागोत्यातील जुनी वैरे यांपैकी कोणत्या कारणाने कोण कोठे उभा राहिला, याची उकल देशभक्ती व देशद्रोह या दोनच कप्प्यांत होणे नाही.

सैनिकाचा आवाज : तीन मराठी-अमराठी साधने

सामान्य शिपायाने स्वतः सांगितलेली कथा म्हणून ‘फ्रॉम सिपॉय टू सुभेदार’ या ग्रंथाकडे नेहमी बोट दाखविले जाते. अवधचा सीताराम पांडे १८१२ च्या सुमारास बंगाल सैन्यात दाखल झाला, नेपाळ, पेंढारी युद्ध, भरतपूर, अफगाणिस्तान, शीख युद्धे असे करीत सुभेदार झाला आणि १८५७ मध्ये बंडखोर म्हणून पकडलेला आपलाच मुलगा समोर आणलेला त्याला पाहावा लागला, असे हा ग्रंथ सांगतो. नॉरगेट या इंग्रज अधिकाऱ्याने तो १८७३ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध केला. मूळ हिंदी हस्तलिखित मात्र कधी पुढे आले नाही. पुढे फिलॉट याने त्याचे उर्दू रूपांतर केले आणि ते गोऱ्या अधिकाऱ्यांच्या भाषापरीक्षेला लावले गेले. सीतारामाच्या अस्तित्वाविषयी अभ्यासकांत आजही दुमत आहे. या वादात न शिरताही एक गोष्ट म्हणता येईल : साहेबाला जसा शिपाई ऐकायला हवा होता तसाच तो या ग्रंथात बोलतो. तो तक्रार करतो, पण मर्यादेत. शिस्त बिघडल्याचा दोष देतो, पण राज्याला देत नाही. जो आवाज परीक्षेला लावण्याइतका सोयीचा असतो, तो पुरावा म्हणून वापरताना अधिक कठोरपणे तपासावा लागतो.

विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’ या १८८३ मध्ये लिहिलेल्या व १९०७ मध्ये प्रथम छापलेल्या ग्रंथातील महूजवळ भेटलेल्या शिपायांचा प्रसंग या दृष्टीने अधिक विश्वसनीय वाटतो. गोडसे भिक्षुक, यज्ञाच्या दक्षिणेसाठी निघालेले. त्यांना शिपायाकडून काही सिद्ध करून घ्यायचे नाही. वाटेत भेट होते, काडतुसांची कथा कानी येते, पुढे जाऊ नका असा इशारा मिळतो आणि ती माणसे निघून जातात. त्यांची नावे नाहीत, चरित्र नाही; पण दोन माणसांमध्ये वाटेवर होणाऱ्या बोलण्याची नैसर्गिकता तेथे आहे. तथापि हा ग्रंथही घटनेनंतर पंचवीस वर्षांनी आठवून लिहिलेला आहे, आणि पहिली आवृत्ती काढताना चिं. वि. वैद्य यांनी त्यात बरेच फेरफार केले होते. मूळ हस्तलिखिताबरहुकूम संहिता द. वा. पोतदार यांनी १९६६ मध्ये उपलब्ध करून दिली. संशोधकाने निदान वैद्यांच्या प्रतीवर विसंबू नये, एवढे सांगणे भाग आहे.

मराठीत सैनिकाने स्वतःच्या हाताने लिहिलेला मजकूर हवा असेल तर तो आत्मचरित्रात मिळत नाही, अर्जात मिळतो. गोपाळबाबा वलंगकर हे निवृत्त हवालदार. १८८६ मध्ये पेन्शनीत निघाल्यानंतर त्यांनी लेखणी हाती घेतली. १८८८ मध्ये ‘विटाळ विध्वंसन’ प्रसिद्ध केले, आणि महारांची सैन्यभरती बंद करण्यात आल्यावर १८९४ मध्ये सरकारला उद्देशून विनंतीपत्र तयार केले. पलटणीत केलेली सेवा हा या लेखनातील युक्तिवादाचा कणा आहे. आपण लढलो, रक्त सांडले, तेव्हा माणूस म्हणून आमचा हक्क मान्य करा, ही मागणी एका शिपायाने इतिहासाला पुरावा करून मांडलेली आहे. मराठी वाङ्मयाच्या इतिहासांत या लेखनाची दखल समाजसुधारणेच्या प्रकरणात घेतली जाते. सैनिकाने लिहिलेले गद्य म्हणून तिचा विचार व्हावयास हवा.

वलंगकरांना हे शक्य झाले याचे एक कारण पलटणीतील शाळा. तेथे शिपायाला अक्षरओळख होई. जमीनदाराच्या शिबंदीत वा बाबुरावाच्या गोटात शाळा नव्हती. साक्षर पलटणीतील महार आणि निरक्षर शिबंदीतील गोंड यांच्या इतिहासातील दृश्यमानतेत जो फरक पडला, त्याचे मूळ येथे आहे.

दप्तरांच्या वाटा

इंग्रज सैनिकाविषयी माहिती काढणे आज तुलनेने सोपे आहे. भरतीच्या कागदावर त्याचे वय, उंची, जन्मगाव व पूर्वीचा व्यवसाय लिहिलेला असे. सही येत नसेल तर फुली असे. हे कागद लंडनमध्ये सांभाळून ठेवलेले आहेत. लँकेशायरच्या एखाद्या विणकराचा पणतू आपल्या पूर्वजाच्या डोळ्यांचा रंगही सांगू शकतो. कामठीच्या छावणीतील देशी शिपायाच्या अशा वैयक्तिक सेवानोंदींची सलग मालिका त्या दप्तरात नाही. पेन्शन देण्यापुरती नोंद पलटणीपाशी राही आणि माणूस गेला की तिचे प्रयोजन संपे.

चांद्याच्या सैनिकासाठी वाट वाकडी करावी लागते. १८५८ मध्ये प्राणहितेच्या पलीकडचा मुलूख निजामाचा, पूर्वेकडे बस्तरचे संस्थान, अलीकडे कमिशनर प्लाउडेनच्या हाताखालील नागपूर प्रांत. पळणारा माणूस दोन दिवसांत तीन राज्ये ओलांडी, म्हणून त्याचा माग काढणाऱ्यालाही नागपूर, हैदराबाद व बस्तर अशी तीन दप्तरे धुंडाळावी लागतात. त्यातही सिरोंचाचा भाग १८६० मध्ये इंग्रजांकडे आला, तेव्हा अप्पर गोदावरी हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि १८७४ मध्ये तो मोडून चांद्यात मिळविला गेला. एकाच गावाचे कागद तीन शीर्षकांखाली विखुरण्याची कारणे अशी आहेत. ह. ना. सिन्हा यांनी संपादित केलेले नागपूर रेसिडेन्सीच्या दप्तरातील निवडक खंड या शतकाच्या पूर्वार्धासाठी उपयुक्त आहेत. मात्र ‘निवडक’ या शब्दाचा अर्थ विसरता कामा नये. निवड करणाऱ्याच्या नजरेसमोर राजकारण होते.

भाषेचा प्रश्न सर्वांत बिकट आहे. पकडलेल्या गोंडाची जबानी घ्यायची तर तो गोंडी वा माडिया बोलीत सांगणार. दुभाषी ती मराठीत वा तेलुगूत फिरविणार. कारकून मोडीत टिपणार. साहेब इंग्रजीत सारांश धाडणार. छापील ग्रंथांत आपल्या हाती येतो तो शेवटचा सारांश. मोडी वाचता येणाऱ्यांची संख्या रोडावत असताना आणि गोंडी जाणणारे विद्यार्थी जिल्ह्यातील महाविद्यालयांत दरवर्षी दाखल होत असताना, इतिहास व मराठी या विभागांनी या दोन भाषिक कौशल्यांची सांगड घातलेली नाही, ही खेदाची बाब म्हटली पाहिजे.

मौखिक परंपरेविषयीही अवास्तव आशा बाळगू नये. गोंडांची वंशावळ प्रधान सांगतात, किंगरीवर गातात. पण प्रधानाचा यजमान प्रतिष्ठित घराण्यातला असतो. त्यामुळे गाण्यातही पुन्हा राजे आणि जमीनदारच भेटतात. भामरागडकडील माडियांमध्ये मृतासाठी दगड उभा करण्याची रीत आहे, आणि तो दगड सामान्य माणसालाही मिळतो. त्यावर अक्षर नसते. तो कोणाचा हे गावातील नातेवाईक जाणतात आणि दोन-तीन पिढ्यांनी तेही विसरतात.

राहता राहिली जमाबंदी. लुसी स्मिथच्या १८६९ च्या अहवालामागे गावोगावची पाहणी होती, आणि ती चिंचगोंडीनंतर अवघ्या दहा वर्षांच्या आतली आहे. १८५८ मध्ये विशीत असलेला माणूस तेव्हा तिशीत होता. तो आता टोळीत नव्हता. कोणाच्या तरी गावात नांगर धरून होता, आणि राजगड परगण्यात वा घोटमध्ये असेल तर बदललेल्या मालकाला सारा देत होता. जप्त झालेल्या गावांची यादी, त्यांतील कुळांची नावे व आडनावे, आणि आज त्याच गावांत नांदणारी तीच आडनावे ही तीन टोके जुळविण्याचे काम गावागणिक करावे लागेल. त्यातून एखाद्या सैनिकाचे नाव खात्रीने हाती येईलच असे नाही. परंतु ज्या पन्नास-साठ घरांमधून तो गेला असला पाहिजे, ती घरे तरी निश्चित होतील.